एका शहरातील दोन पाऊस

एकाच शहरात एकाच दिवशी पडलेल्या पावसाचे दोन वेगवेगळे आकडे कसे असू शकतात, हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरातील वृत्तपत्रवाचकाला दर पावसाळ्यात पडतो. कारण चिकलठाणा येथील भारतीय हवामान विभागाच्या वेधशाळेची नोंद आणि शहरातील एमजीएम या शिक्षणसंस्थेच्या वेधशाळेची नोंद स्थानिक वृत्तपत्रांत अनेकदा शेजारी शेजारी छापली जाते आणि त्या दोहोंचा मेळ क्वचितच बसतो. दोहोंपैकी एक यंत्र बिघडलेले असावे, असा तर्क मग सहज केला जातो. वस्तुतः दोन्ही यंत्रे निर्दोष असूनही आकडे वेगळे येऊ शकतात, आणि दोन्ही आकडे जुळत असूनही ते दोन्ही चुकीचे असू शकतात. हे कसे घडते ते कळण्यासाठी हवामान केंद्रातील उपकरणे काय मोजतात, कशी मोजतात आणि कशाने बिघडतात हे क्रमाने पाहावे लागते. मराठवाड्यात या माहितीला वेगळेच मोल आहे, कारण येथे पावसाच्या आकड्यावर शेतकऱ्याच्या हाती पडणारी विम्याची आणि मदतीची रक्कम अवलंबून असते.

१. पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात?

पाणी लिटरमध्ये मोजण्याची सवय असलेल्या माणसाला पाऊस लांबीच्या एककात मोजला जातो याचे नवल वाटते. उघड्या गच्चीवर सरळ काठाची परात ठेवली आणि पाऊस थांबल्यावर तिच्यात किती उंचीचे पाणी साठले ते पट्टीने मोजले, तर ती उंची म्हणजेच पाऊस होय. परात मोठी असली तर तिच्यात पाणी जास्त पडते, पण ते पसरतेही जास्त जागेवर. म्हणून उंची तीच राहते आणि भांड्याच्या आकाराचा प्रश्न आपोआप सुटतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटर जमिनीवर बरोबर एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर; तेव्हा ६५ मिलिमीटर पाऊस एका एकरावर सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी ओततो, म्हणजे उन्हाळ्यात गावोगावी फिरणारे दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर.

ही कल्पना भारतात फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी एक अरत्नी, म्हणजे कोपरापासूनच्या हाताएवढ्या, तोंडाचे कुंड पाऊस मोजण्यासाठी ठेवावे असे सांगितले आहे आणि निरनिराळ्या प्रदेशांच्या पावसाचे प्रमाणही दिले आहे. त्यात अश्मकाचा, म्हणजे सामान्यतः गोदावरीकाठाशी जोडल्या जाणाऱ्या प्रदेशाचा, पाऊस अवंतीपेक्षा बराच कमी सांगितला असून अपरांताचा, म्हणजे कोकणाचा, पाऊस अमित म्हटला आहे. मराठवाडा आणि कोकण यांच्या पावसातील हा फरक दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्यांनाही महत्त्वाचा वाटला, कारण पेरणी आणि महसूल यांचा अंदाज त्यावरच बांधला जात असे.

येथे दिवसाच्या हिशेबाचीही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हवामान विभागाचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी साडेआठ वाजता बदलतो, कारण त्या वेळी जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि जगभरातील निरीक्षणे एकाच क्षणी घेतली जावीत असा संकेत आहे. त्यामुळे १५ जुलैच्या सकाळी सात वाजता पडलेली सर १५ तारखेच्या नोंदीत जाते आणि त्याच सकाळी साडेनऊला पडलेली सर १६ तारखेच्या. एका केंद्राने हा संकेत पाळला आणि दुसऱ्याने मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचा आकडा दिला, तर एकच पाऊस दोन तारखांत विभागला जातो. दोन आकड्यांतील तफावतीचे पहिले कारण पुष्कळदा इतके साधे असते.

२. कलणारी वाटी

हाताने मोजायच्या साध्या पर्जन्यमापकात नरसाळे, त्याखाली बाटली आणि खुणा केलेले मोजपात्र, एवढेच साहित्य असते. रोज सकाळी एक माणूस येतो, बाटलीतील पाणी मोजपात्रात ओततो आणि आकडा लिहितो. स्वयंचलित केंद्रात तो माणूस नसतो, म्हणून पाण्यानेच स्वतःला मोजावे अशी योजना करावी लागते. ती सतराव्या शतकात इंग्लंडमधील ख्रिस्तोफर रेन या वास्तुविशारद वैज्ञानिकाने सुचवली आणि आजही जगभर तीच वापरात आहे. तिला टिपिंग बकेट पर्जन्यमापक म्हणतात.

बागेतील सी-सॉवर दोन टोकांना दोन वाट्या बसवल्या आहेत अशी कल्पना केली, की हे यंत्र समजते. नरसाळ्यातून येणारी धार वर असलेल्या वाटीत पडते. ती ठरलेल्या मापाइतकी भरली की वजनाने खाली कलते, पाणी सांडते आणि त्याच हालचालीत दुसरी वाटी धारेखाली येते. मधल्या दांडीला एक छोटे चुंबक असते. ते प्रत्येक कलण्यासरशी एका बंद काचेच्या नळीतील नाजूक पट्ट्यांजवळून जाते, पट्ट्या क्षणभर चिकटतात आणि विजेचा एक ठोका निघतो. नोंदी साठवणारे यंत्र, ज्याला डेटा लॉगर म्हणतात, ते फक्त हे ठोके मोजते. पाऊस किती पडला हे त्याला ठाऊक नसते. वाटी किती वेळा कलली एवढेच ठाऊक असते, आणि या यंत्राचे सारे गुणदोष याच एका गोष्टीत सामावलेले आहेत.

नरसाळ्याचे तोंड २०० मिलिमीटर व्यासाचे असेल तर त्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर होते. त्यावर ०.२ मिलिमीटर पाऊस पडला की ६.२८ मिलिलिटर पाणी जमते, म्हणजे चहाच्या चमच्याहून थोडे अधिक. वाटी नेमकी एवढ्या पाण्यावर कलली पाहिजे. ती तशी कलते की नाही हे तपासण्याची रीत घरच्या घरी समजण्यासारखी आहे. ६२८ मिलिलिटर पाणी मोजून घ्यावे आणि महादेवाच्या पिंडीवरील अभिषेकपात्रातून जसे थेंब थेंब पाणी गळते तसे ते नरसाळ्यात सावकाश सोडावे. ठोके बरोबर शंभर पडले पाहिजेत. चौऱ्याण्णव पडले तर वाटी जड झाली आहे, म्हणजे यंत्र सहा टक्के कमी पाऊस दाखवते. एकशे सहा पडले तर ती लवकर कलते आहे. वाट्यांखालचे दोन स्क्रू वरखाली करून हा दोष काढता येतो. ज्ञात मापाशी उपकरण ताडून पाहण्याच्या या क्रियेला अंशशोधन, किंवा तंत्रज्ञांच्या नेहमीच्या भाषेत कॅलिब्रेशन, म्हणतात.

पाणी सावकाश सोडण्याला कारण आहे. वाटी एका बाजूकडून दुसरीकडे जाण्यास सुमारे अर्धा सेकंद घेते आणि त्यातील पहिल्या निम्म्या वेळात धार आधीच भरलेल्या वाटीतच पडत राहते. ते पाणी हिशेबात येत नाही. रिमझिम पावसात हे नुकसान नगण्य असते. पण ताशी १२० मिलिमीटर वेगाने पाऊस कोसळू लागला, तर ०.२ मिलिमीटरची वाटी दर सहा सेकंदांनी कलते आणि प्रत्येक वेळी पाव सेकंदाचे पाणी, म्हणजे सुमारे चार टक्के, निसटते. पाऊस जितका जोराचा तितकी चूक मोठी, आणि चूक नेहमी कमी दाखवण्याकडे झुकलेली. चांगल्या लॉगरमध्ये पावसाच्या वेगानुसार ही तूट भरून काढण्याचे गणित घातलेले असते, परंतु ते गणितही स्वच्छ आणि समतल बसवलेली वाटी गृहीत धरूनच केलेले असते.

मराठवाड्याच्या हवेत ती स्वच्छता आपोआप राहत नाही. मार्च ते मे या काळात वावटळींबरोबर उडणारी काळ्या मातीची धूळ नरसाळ्यात साचते, पहिल्या वळवाच्या सरीबरोबर तिचा चिखल होतो आणि तो वाटीच्या तळाशी वाळून बसतो. झाडाचे एक पान नरसाळ्याच्या भोकावर आडवे पडले तरी पुरते. तेव्हा मोठी सर येऊन जाते, पाणी नरसाळ्यात तुंबून राहते आणि मग रात्रभर ठिबकत वाटीत उतरते. नोंदीत मात्र तासाभराच्या मुसळधार पावसाऐवजी पहाटेपर्यंत चाललेली संथ भुरभुर दिसते. अनुभवी तंत्रज्ञ अशी नोंद पाहताच भोक तुंबल्याचे ओळखतो, कारण खरा पाऊस इतक्या सारख्या गतीने कधीच पडत नाही. कोळ्याचे जाळे वाट्यांना बांधून ठेवते, मुंग्या वारूळ करतात, गांधीलमाश्या आत पोळे लावतात, आणि तेव्हा नोंद सरळ शून्य येते. खांब किंचित कलला की वाट्या समतल राहत नाहीत. म्हणून गवंडी वापरतो तसली पाणसळ लावून यंत्राची बैठक पाहावी लागते. साफसफाईतही एक धोका आहे: पुसताना वाटी हलली की ठोका पडतो आणि कोरड्या दिवशी पाऊस नोंदला जातो, म्हणून लॉगरकडे जाणारी तार आधी सोडवून मगच हात लावायचा असतो.

३. पासष्टचा उंबरठा

राज्यात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की त्या महसूल मंडळात अतिवृष्टी झाली असे मानले जाते आणि नुकसानीच्या मदतीचा विचार त्यावरून होतो. हे मंडळनिहाय आकडे मिळावेत म्हणून महाराष्ट्रात महावेध प्रकल्प राबवला गेला. त्यातील पहिले स्वयंचलित केंद्र २०१७ साली नागपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे सुरू झाले आणि पुढे राज्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी राहिली.

आता मागील उदाहरणातील सहा टक्के कमी दाखवणारी वाटी एखाद्या मंडळात आहे असे समजू. प्रत्यक्षात ६८ मिलिमीटर पाऊस झाला, शेतात गुडघाभर पाणी साचले, कपाशी पिवळी पडली. यंत्राने मात्र ६८ च्या ९४ टक्के, म्हणजे ६३.९ मिलिमीटर नोंदवले. अतिवृष्टीच्या यादीत ते मंडळ येणार नाही. शेजारच्या मंडळात सहा टक्के जास्त दाखवणारी वाटी असेल, तर तेथे ६२ मिलिमीटर पाऊस होऊनही नोंद ६५.७ येईल. चार मिलिमीटरांचा हा फरक शास्त्रीय लेखात तळटीपेत जाईल. गावात त्यावरून पंचनामा होतो किंवा होत नाही. एवढ्या भाराचा आकडा देणारे यंत्र पावसाळ्याआधी एकदाही पाण्याने ताडून न पाहणे हा हलगर्जीपणाच म्हटला पाहिजे, कारण त्या तपासणीला एक मोजपात्र आणि तासभर वेळ, याहून अधिक काही लागत नाही.

यंत्र अचूक असले तरी एक अडचण उरतेच. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. ते दोन हजारांवर केंद्रांत वाटले तर एका केंद्राच्या वाट्याला सरासरी दीडशे चौरस किलोमीटर येतात, म्हणजे नरसाळ्याच्या तोंडापेक्षा सुमारे पावणेपाचशे कोटी पट मोठा प्रदेश. आषाढातील सर्वदूर झडीच्या पावसात ही विषमता खपून जाते, पण वळवाचा किंवा परतीचा गडगडाटी ढग काही किलोमीटर रुंदीचाच असतो. शहराच्या एका भागात रस्ते वाहत असताना दुसऱ्या भागात धूळही बसलेली नसते, हा अनुभव संभाजीनगरकरांना नवा नाही. चिकलठाणा आणि एमजीएम यांचे आकडे अशा दिवशी वेगळे आले, तर ती यंत्रांची चूक नसून त्या ढगाची अचूक नोंद असते.

४. तापमान कोणाचे?

उन्हात उभ्या केलेल्या मोटारीवरचा किंवा मोबाइलवरचा आकडा वेधशाळेच्या आकड्याहून जास्त का असतो, हा उन्हाळ्यातील नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर असे, की उन्हात ठेवलेला तापमापक हवेचे नव्हे तर स्वतःचेच तापमान दाखवतो. सूर्यकिरण त्याला थेट तापवतात, जसे ते डांबरी रस्त्याला किंवा पत्र्याला तापवतात. हवेचे तापमान हवे असेल तर संवेदक सावलीत आणि तरीही खेळत्या हवेत हवा. त्यासाठी एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी दुहेरी तिरक्या पट्ट्यांच्या भिंतींची पांढरी लाकडी पेटी बनवली. ती जमिनीपासून सुमारे सव्वा ते दोन मीटर उंचीवर बसवतात आणि भारतात तिचे दार उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे दार उघडताना ऊन आत शिरत नाही. स्वयंचलित केंद्रात हेच काम एकावर एक पालथ्या घातलेल्या बशांसारखे दिसणारे पांढरे आवरण करते.

आत बहुधा प्लॅटिनमच्या बारीक तारेचा संवेदक असतो. धातू तापला की त्यातून वीज वाहण्यास होणारा अडथळा, म्हणजे रोध, वाढतो. प्लॅटिनममध्ये ही वाढ अत्यंत नियमित असते. शून्य अंशाला बरोबर १०० ओहम रोध असलेल्या तारेचा रोध दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो आणि ४० अंश सेल्सिअसला तो सुमारे ११५.५ ओहम होतो. लॉगर रोध मोजतो आणि उलट गणित करून तापमान सांगतो. याचा अर्थ असा, की गंजलेल्या जोडणीने ०.४ ओहमची भर घातली तरी यंत्र एक अंश जास्त उष्णता दाखवेल, आणि ती चूक रोज सारखीच असल्यामुळे आकड्यांकडे पाहून संशयही येणार नाही. चांगल्या केंद्रात म्हणूनच चार तारांची जोडणी करतात, जिच्यात तारांचा स्वतःचा रोध हिशेबातून वगळला जातो. पडताळणी मात्र बर्फाने होते: शुद्ध पाण्याचा चुरलेला बर्फ वितळत असताना त्यात बुडवलेल्या संवेदकाने शून्य दाखवले पाहिजे. आवरणाची निगाही येथे तितकीच महत्त्वाची असते, कारण धुळीने मातकट झालेले आवरण ऊन शोषते आणि आतील हवा तापवते. साबणाच्या पाण्याने ते धुणे हे वरवर घरकाम वाटले तरी मोजमापाचाच भाग आहे. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत मोसंबी, डाळिंब, आंबा अशा फळांची भरपाई संदर्भ हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते, त्यामुळे या अर्ध्या-एक अंशाला बागायतदाराच्या लेखी किंमत असते.

५. माठ, मीठ आणि आर्द्रता

उन्हाळ्यात माठातील पाणी गार होते, कारण माठाच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते. पावसाळ्यात हवाच ओली असल्याने तेच पाणी तितके गार होत नाही. जुन्या वेधशाळेतील आर्द्रतामापन याच तत्त्वावर चालते. दोन तापमापकांपैकी एकाच्या फुग्यावर ओल्या मलमलीचा तुकडा असतो आणि दोहोंतील फरकावरून हवेतील ओलावा काढतात. खेळत्या हवेत कोरडा तापमापक ३८ आणि ओला २२ अंश दाखवत असेल, तर संभाजीनगरच्या उंचीवर सापेक्ष आर्द्रता सुमारे २५ टक्के येते. म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते तिच्या एक चतुर्थांश. मलमलीला बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरले, तर थोड्या दिवसांत ती कडक होते, पाणी नीट ओढत नाही आणि ओला तापमापक २४ अंश दाखवू लागतो. तेवढ्याने आर्द्रता २५ ऐवजी सुमारे ३२ टक्के निघते. ऊर्ध्वपातित पाणी आणि वेळच्या वेळी बदललेले कापड यांचा आग्रह यासाठीच असतो.

स्वयंचलित संवेदकात मलमलीऐवजी ओलावा शोषणारा प्लॅस्टिकसारखा पातळ पापुद्रा दोन विद्युतवाहक थरांमध्ये असतो. हवा दमट झाली की पापुद्रा पाणी शोषतो आणि त्याची विजेचा भार साठवण्याची क्षमता बदलते. सगळ्या उपकरणांत लवकर म्हातारा होणारा भाग हाच. धूळ, फवारणीच्या औषधांची वाफ आणि कडक ऊन यांनी तो हळूहळू सरकत जातो आणि मग भर पावसातही ९० टक्क्यांच्या वर जाईनासा होतो. त्याची परीक्षा स्वयंपाकघरातील मिठाने घेता येते: मीठ आणि थोडे पाणी यांचा दाट लगदा हवाबंद डब्यात ठेवला, तर काही तासांनी डब्यातील हवा सुमारे ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते, आणि संवेदकाने तोच आकडा दाखवायला हवा.

६. वारा आणि दाब

वाऱ्याचा वेग तीन वाट्यांच्या भिंगरीने आणि दिशा शेपटीच्या बाणाने मोजतात. भिंगरीच्या छर्ऱ्यांत धूळ गेली की मंद वारा तिला हलवू शकत नाही आणि झुळूक असताना नोंद शून्य येते. बाणाची चूक बहुधा बसवतानाच होते: उत्तरेची खूण नव्वद अंशांनी चुकली, तर नैर्ऋत्येचा मोसमी वारा पावसाळाभर आग्नेयेचा किंवा वायव्येचा म्हणून नोंदला जातो. हवेचा दाब मोजणारा संवेदक मात्र बंद पेटीत सुरक्षित असतो आणि त्याला फारशी निगा लागत नाही. समुद्रसपाटीजवळ दर आठ-नऊ मीटर चढाला दाब एक हेक्टोपास्कलने घटतो. संभाजीनगर सुमारे ५७० मीटर उंचीवर असल्याने येथील प्रत्यक्ष दाब ९५० च्या आसपास असतो आणि मुंबईच्या दाबाशी तुलना करण्यापूर्वी उंचीचा हिशेब जोडावा लागतो.

७. जागा आणि नोंदवही

उत्तम उपकरण चुकीच्या जागी बसवले तर ते त्या जागेचीच चूक प्रामाणिकपणे मोजत राहते. पर्जन्यमापक जवळच्या झाडापासून किंवा भिंतीपासून तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावा असा नियम आहे. सहा मीटरच्या लिंबापासून तो बारा मीटर दूर हवा. पण केंद्र उभारले तेव्हा हात-दोन हात असलेले रोप दहा वर्षांत वाढते, शेजारच्या शेतात तूर किंवा ऊस येतो, कार्यालयाची नवी भिंत उठते, आणि नियम कागदावर पाळलेला असूनही प्रत्यक्षात मोडतो. तापमानाच्या बाबतीत गच्ची, सिमेंटचा चौथरा आणि वातानुकूलन यंत्राची गरम हवा यांचा असाच उपद्रव होतो.

हा संथ बिघाड ओळखण्याची एक सुंदर पद्धत जलशास्त्रात रूढ आहे. आलेखाच्या एका अक्षावर आसपासच्या पाच-सहा केंद्रांचा सरासरी पाऊस वर्षानुवर्षे बेरीज करत मांडायचा आणि दुसऱ्या अक्षावर तपासायच्या केंद्राची तशीच बेरीज. दुष्काळ पडो वा अतिवृष्टी होवो, सगळ्यांचा पाऊस साधारण एकाच प्रमाणात कमीजास्त होतो, म्हणून बिंदू एका सरळ रेषेत जातात. एखाद्या वर्षापासून रेषा मोडून खाली वळली, तर त्या वर्षी पावसात नव्हे, केंद्रात काहीतरी बदलले असे समजते. नेमके काय बदलले हे मात्र आलेख सांगू शकत नाही. त्यासाठी केंद्राची नोंदवही उघडावी लागते, जिच्यात नरसाळे कधी साफ केले, वाटी किती ठोक्यांवर आली, आर्द्रतेचा संवेदक कधी बदलला, सौरपट्टी कधी पुसली, कुंपणाजवळच्या लिंबाची फांदी कोणत्या दिवशी छाटली, हे तारखेसह लिहिलेले असते. चिकलठाणा आणि एमजीएम यांच्या आकड्यांतील फरकापैकी ढगाचा वाटा किती आणि यंत्राचा किती हे वेगळे करण्याचा मार्गही तोच आहे: एक तपासलेला, हाताने मोजायचा पर्जन्यमापक प्रत्येक स्वयंचलित यंत्राशेजारी एक पावसाळाभर ठेवायचा, रोज सकाळी साडेआठला दोन्ही आकडे एकाच पानावर लिहायचे, आणि शेजारी शेजारी असूनही जो फरक उरेल तेवढाच यंत्राच्या नावे टाकायचा.